सिनेटर रिचर्ड रसेल : सीआयएच्या गुपितांचा राखणदार

वॉशिंग्टनला कॅपिटॉलच्या टेकडीवर सिनेटरांच्या कचेऱ्यांच्या तीन मोठ्या इमारती आहेत. त्यातली सगळ्यात जुनी ती रसेल बिल्डिंग. टी.व्ही.वर अमेरिकेच्या बातम्या बघताना उंच संगमरवरी खांबांच्या गोल दालनात उभे राहून सिनेटर मुलाखती देताना दिसतात ना, ते दालन याच इमारतीतलं. ज्यांचं नाव या इमारतीला दिलं आहे ते रिचर्ड ब्रेवर्ड रसेल हे जॉर्जिया राज्याचे. ३८ वर्षं ते सिनेटमध्ये होते. एका काळी राष्ट्राध्यक्षसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय मोठं पाऊल टाकत नसत.

जॉर्जिया म्हटलं की आज आपल्या लोकांना अटलांटा आणि त्याच्या उत्तरेचं अल्फारेटा आठवतं. कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांमुळे अल्फारेटाच्या आसपास भारतीयांची, त्यात मराठी माणसांचीही, बरीच वस्ती झाली आहे. तिथून पूर्वेकडे गाडीने साधारण तासाभरावर विंडर नावाचं छोटं गाव लागतं. रसेल तिथलेच, आणि तिथल्याच मातीत ते विसावले आहेत.

त्यांचं आयुष्य इथे सांगण्याचं कारण असं. गुप्तहेर खातं देशासाठी काम करतं, पण ते काय करतं हे देशाला सांगता येत नाही. मग त्याच्यावर नजर कोणी ठेवायची? लोकांनी निवडून दिलेल्या सभासदांना किती सांगायचं, कोणाला सांगायचं, रोजचा व्यवहार कसा चालवायचा? हा प्रश्न इस्रायलमध्ये आहे, भारतात आहे आणि अमेरिकेतही आहे. अमेरिकेत सीआयए स्थापन झाल्यापासून जवळजवळ वीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मुख्यतः एक माणूस होता. तो माणूस म्हणजे रसेल.

घर आणि सुरुवात

रिचर्ड रसेल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८९७ रोजी विंडर येथे झाला. वडिलांचं नावही रिचर्ड रसेलच. ते वकील, पुढे न्यायाधीश आणि शेवटी जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. आई आयना लग्नाआधी शिक्षिका होती. घरात तेरा मुलं, आणि मुलग्यांमध्ये रिचर्ड थोरले. वडिलांनी मोठमोठ्या निवडणुका लढवल्या आणि त्यातल्या कित्येक हरले. गव्हर्नर व्हायचं त्यांचं स्वप्न पुरं झालं नाही, ते थोरल्या मुलाच्या अंगावर आलं.

१९१८ साली रिचर्ड जॉर्जिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले. १९२१ साली राज्याच्या विधिमंडळात गेले, १९२७ साली त्याचे सभापती झाले आणि १९३१ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, गव्हर्नर. शपथ दिली ती मुख्य न्यायाधीशांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी. त्या दिवशी त्या घरात काय आनंद असेल!

तो काळ महामंदीचा. राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता. रसेल यांनी राज्याची शंभरावर मंडळं आणि खाती एकत्र करून ती वीसच्या आत आणली. काउंट्यांचेही हाल होते. अल्फारेटा तेव्हा मिल्टन नावाच्या छोट्या काउंटीचं मुख्य ठिकाण होतं. ही काउंटी इतकी गरीब झाली की रसेल गव्हर्नर असताना, १९३२ साल उजाडताना, ती अटलांटाच्या फुल्टन काउंटीत विलीन झाली. आज अल्फारेटाच्या लोकांच्या घरपट्टीच्या कागदावर फुल्टनचं नाव असतं ते त्यामुळे.

१९३२ साली जॉर्जियाचे एक सिनेटर वारले. त्या जागेसाठी रसेल उभे राहिले, निवडून आले आणि जानेवारी १९३३मध्ये सिनेटमध्ये जाऊन बसले. मरेपर्यंत ती जागा त्यांनी सोडली नाही.

सिनेटचा माणूस

रसेल यांनी लग्न केलं नाही. वॉशिंग्टनमध्ये एकटे राहायचे. रात्री वाचन चालायचं. अमेरिकेच्या यादवी युद्धाचा इतिहास, सिनेटचं कामकाज, आणि बेसबॉलचे आकडे. सिनेटचे नियम आणि जुने दाखले त्यांना तोंडपाठ होते. कोणता ठराव कुठल्या समितीकडे जाईल, कोणता कसा अडवता येईल, हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नसे. दिलेला शब्द ते मोडत नसत आणि कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या कानाला जाऊ देत नसत. त्यांचे विरोधकसुद्धा हे मान्य करायचे.

त्यांचं एक काम अजून रोज घराघरांत पोचतं. १९४६ साली शाळेतल्या मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी केंद्र सरकारचा कायदा झाला, तो पुढे रेटणाऱ्यांत रसेल मुख्य होते. आज त्या कायद्याला त्यांचंच नाव आहे. अल्फारेटाच्या सरकारी शाळेत जी मुलं कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन रांगेत उभी राहतात त्यांचं जेवण याच योजनेतलं.

लिंडन जॉन्सन १९४९ साली टेक्सासहून सिनेटमध्ये आले तेव्हा त्यांनी हेरलं की इथे वर चढायचं तर रसेल यांच्याजवळ असावं. म्हणून त्यांनी रसेल यांच्याच समितीत, म्हणजे सैन्यदलांच्या समितीत, जागा मागून घेतली. रविवारी जॉन्सन त्यांना घरी जेवायला बोलवत. जॉन्सनच्या मुली त्यांना डिक काका म्हणायच्या. पुढे हेच जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले.

१९५१ साली रसेल सैन्यदलांच्या समितीचे अध्यक्ष झाले. मधली दोन वर्षं सोडली तर १९६९पर्यंत ती खुर्ची त्यांच्याकडेच राहिली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जनरल मॅकआर्थर यांना कोरियाच्या लढाईतून काढून टाकलं आणि देशभर गदारोळ झाला. त्याची चौकशी रसेल यांनी चालवली. बैठका बंद दरवाजाआड घेतल्या, पण लष्करी गुपितं गाळून प्रत्येक दिवसाचा वृत्तान्त पत्रकारांना दिला. गुपित राखूनही लोकांना सांगता येतं हे रसेल यांना नीट ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा.

रोजचा व्यवहार कसा चालायचा

सीआयए १९४७ सालच्या कायद्याने निघाली. १९४९ साली दुसरा कायदा झाला. त्यात एजन्सीला आपलं अंदाजपत्रक आणि माणसांची संख्या प्रसिद्ध करण्यापासून सूट मिळाली, आणि गुप्त खर्च संचालकाच्या नुसत्या सहीच्या दाखल्यावर करायची मुभा मिळाली. पण सूट मिळाली तरी पैसे द्यायचे कोणी? काँग्रेसनेच. (इथे काँग्रेस म्हणजे आपला पक्ष नव्हे बरं का, अमेरिकेची संसद.) म्हणून सभासदांशी संबंध ठेवणं एजन्सीला भागच होतं.

त्यासाठी एजन्सीत एक वेगळी कचेरी होती. तिचे पहिले प्रमुख वॉल्टर फोर्झहायमर. हे वकील, महायुद्धात हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेले, आणि हेरगिरीवरच्या पुस्तकांचे मोठे शौकीन. १९५६पर्यंत त्यांनी हे काम सांभाळलं. पुढे जॉन वॉर्नर आले, त्यांच्यानंतर जॉन मॉरी. या कचेरीचं काम ऐकलं तर कोणाला फार रोमांचक वाटणार नाही. एखाद्या सिनेटरच्या मतदाराने पत्र लिहून काही तक्रार केली, तर उत्तराचा मसुदा करून द्यायचा. कोणाचा पुतण्या नोकरी मागतोय, त्याचा अर्ज योग्य टेबलावर पोचवायचा. परदेश दौऱ्यावर निघालेल्या सभासदाला त्या देशाची माहिती द्यायची. एखाद्या विधेयकातल्या कलमाने एजन्सीची अडचण होत असेल तर वेळेवर जाऊन ते सांगायचं. आणि मग दिवसभरात कोणाचा फोन आला, कोण भेटलं, काय विचारलं, ते रोजनिशीत लिहून ठेवायचं. त्या रोजनिशीची पानं पुढे कित्येक वर्षांनी गुप्ततेच्या यादीतून मोकळी झाली. वाचताना वाटतं की हे कुठल्याही सरकारी कचेरीचं दप्तर आहे.

पण ही झाली वरवरची कामं. खरी गोष्ट, म्हणजे पैसा आणि गुप्त कारवाया, फार थोड्या लोकांपुढे जायची. चार समित्यांचे अध्यक्ष, त्यांच्या जोडीला एकदोन ज्येष्ठ सभासद, आणि एखादा विश्वासू कारकून. एजन्सीचा पैसा संरक्षण खात्याच्या रकमांमध्ये दडवलेला असायचा. कुठल्या ओळीत किती दडवलंय ते या मूठभर माणसांनाच ठाऊक. बाकीचे सभासद ज्या आकड्यावर हात वर करत होते त्यात सीआयए आहे हेसुद्धा त्यांना दिसत नसे. सिनेटच्या बाजूला या मूठभरांतले पहिले रसेल. बैठकीचं टिपण बहुतेक वेळा ठेवलंच जात नसे. सैन्यदलांच्या समितीच्या कर्मचाऱ्यांपैकी विल्यम डार्डेन हे जॉर्जियाचेच गृहस्थ या कामात असायचे. पुढे ते लष्करी अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

संचालक ॲलन डलेस यांना ही व्यवस्था फार सोयीची होती. शंभर जणांना पटवत बसण्यापेक्षा एका भल्या माणसाकडे जायचं, त्याच्या कानावर घालायचं, की झालं. तो माणूस कोणाकडे बोलणार नाही याची खात्री. आणि कोणी सभागृहात उठून प्रश्न विचारलाच, तर तोच उभा राहून सांगणार की आम्हाला माहीत आहे, काळजी नको. रसेल यांचा शब्द म्हणजे पक्की पावती. पुढे कोणी विचारत नसे.

दोन महिने, १९५६ सालचे

ही व्यवस्था कशी चालायची ते १९५६ सालच्या वसंतात फार स्पष्ट दिसतं.

२४ फेब्रुवारी १९५६ला डलेस यांनी रसेल आणि मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर लेव्हरेट सॉल्टनस्टॉल यांची भेट घेतली. त्यांना यू-२ विमानाची योजना सांगितली. हे विमान इतक्या उंचीवरून उडणार होतं की रशियावर जाऊन फोटो काढून परत येईल. हाउसमधल्या कोणाला सांगावं का, असंही डलेस यांनी विचारलं. दोघांनी सल्ला दिला की खर्चाच्या समितीतल्या ज्येष्ठांना सांगावं. त्याप्रमाणे क्लॅरन्स कॅनन आणि जॉन टेबर यांना सांगण्यात आलं. बस्स, एवढेच लोक. पुढची चार वर्षं संसदेत ही गोष्ट अधिकृतपणे या चौघांपाशीच राहिली. १ मे १९६०ला रशियाने ते विमान पाडलं तेव्हा बाकीच्या सभासदांना ती बातमी वर्तमानपत्रातून कळली.

रसेल यांच्या बाजूने हे मोठंच म्हणायचं. चार वर्षं एक शब्द बाहेर गेला नाही. आणि त्या विमानाच्या फोटोंमुळेच रशियाची बॉम्बफेकी विमानं वाटली होती त्याहून फार कमी आहेत हे अमेरिकेला कळलं. गुपित फुटलं असतं तर पायलटचा जीव गेला असता आणि हाती काही लागलं नसतं.

आता दुसरी बाजू पाहा. मॉन्टानाचे सिनेटर माइक मॅन्सफील्ड गेली काही वर्षं सांगत होते की सीआयएसाठी दोन्ही सभागृहांची मिळून एक कायमची समिती असावी, तिला स्वतःचे कर्मचारी असावेत, आणि तिने नियमाने विचारपूस करावी. अणुशक्तीसाठी अशी समिती होतीच. तिच्याकडून गुपितं फुटली नव्हती. मॅन्सफील्ड यांच्या ठरावावर तिसाहून जास्त सिनेटरांनी सह्या केल्या. नियमांच्या समितीनेही अनुकूल मत दिलं. ठराव मंजूर होणार असंच दिसत होतं.

रसेल यांनी ठाम विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की आहे ती व्यवस्था पुरेशी आहे आणि जितक्या जास्त कानांवर गोष्ट जाईल तितका आपल्या हेरांच्या जिवाला धोका. आपल्या मराठीत म्हणतात तसं, झाकली मूठ सव्वा लाखाची. चर्चेत मॅन्सफील्ड यांनी साधा प्रश्न केला की सध्याची समिती एजन्सीच्या लोकांना वर्षातून किती वेळा बोलावते. सॉल्टनस्टॉल यांनी दिलेलं उत्तर प्रामाणिक होतं. सैन्यदलांची उपसमिती वर्षाला निदान दोनदा, खर्चाची निदान एकदा. शिवाय त्यांनी हेही कबूल केलं की एजन्सीचे लोक सांगायला मागे-पुढे पाहत नाहीत, विचारायला संकोच वाटतो तो आम्हा सभासदांनाच, कारण काही गोष्टी माहीत नसलेल्या बऱ्या.

११ एप्रिल १९५६ला मतदान झालं. ठरावाच्या बाजूने २७ आणि विरुद्ध ५९. सह्या केलेल्यांपैकी कित्येक जण मतदानाच्या वेळी उलटे गेले. रसेल यांना दुखवायची कोणाची तयारी नव्हती.

त्याच माणसाची दुसरी बाजू

हे सगळं सांगताना एक गोष्ट वगळली तर हे चरित्र खोटं होईल. रसेल हे गोरे आणि काळे यांना वेगळं ठेवणाऱ्या व्यवस्थेचे कट्टर पाठीराखे होते. मॅन्सफील्डचा ठराव पाडायच्या एकच महिना आधी, १२ मार्च १९५६ला, दक्षिणेच्या सभासदांचं एक निवेदन सिनेटमध्ये वाचलं गेलं. शाळा सगळ्यांसाठी सारख्या असाव्यात या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला त्यात विरोध होता. त्याचा शेवटचा मसुदा घडवण्यात रसेल यांचा मोठा हात होता. काळ्या लोकांना मतदानाचा आणि माणूस म्हणून वागवलं जाण्याचा हक्क देणारी विधेयकं त्यांनी पिढीभर अडवून धरली. १९६४ साली त्यांच्या गटाने नागरी हक्कांच्या विधेयकावर आठवड्यांमागून आठवडे भाषणं चालू ठेवून सिनेट बंद पाडली. शेवटी १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवण्यात आली आणि कायदा झाला. तो राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी, म्हणजे रसेल यांच्याच शिष्याने, करून घेतला. कायदा झाल्यावर मात्र रसेल यांनी जॉर्जियाच्या लोकांना तो पाळायला सांगितलं. तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण नीट पाहिलं तर या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. सिनेटमध्ये अध्यक्षपद मिळायचं ते ज्येष्ठतेने. जॉर्जियात काळ्या मतदारांना मतपेटीपासून दूर ठेवल्यामुळे रसेल यांना निवडणुकीची धास्ती कधी राहिली नाही, म्हणून ते तिथे तीन-चार दशकं टिकले आणि ज्येष्ठ झाले. गुप्तहेर खात्याने देशाच्या वतीने ज्याच्यावर विश्वास टाकला, त्या माणसाला निवडून देण्यात त्याच्या राज्यातल्या फार मोठ्या समाजाचा आवाजच नव्हता.

क्युबा आणि वॉरन आयोग

ऑक्टोबर १९६२मध्ये क्युबात रशियाची क्षेपणास्त्रं सापडली. ती सापडली यू-२च्या फोटोंतूनच. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी संसदेच्या नेत्यांना बोलावलं तेव्हा रसेल यांनी सरळ हल्ला करावा असा आग्रह धरला. केनेडींनी ऐकलं नाही, आणि जग वाचलं असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. उलट व्हिएतनाममध्ये रसेल सुरुवातीपासून सांगत होते की तिथे पाय टाकू नका. १९५४ सालीही सांगितलं, १९६४ साली जॉन्सनना फोनवरही सांगितलं. ते मात्र खरं ठरलं.

केनेडींचा खून झाल्यावर चौकशीसाठी मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या हाताखाली आयोग नेमला गेला. वॉरन यांच्याबरोबर बसायला रसेल तयार नव्हते, कारण शाळांबद्दलचा तो निकाल वॉरन यांचाच. जॉन्सन यांनी त्यांची संमती घेण्याआधीच नाव जाहीर करून टाकलं. आयोगात रसेल फारच कमी दिवस हजर राहिले, पण एकाच गोळीने दोघांना जखमी केलं या निष्कर्षावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

याच आयोगात ॲलन डलेसही होते. आणि इथे या व्यवस्थेची खरी गोम कळते. सीआयएने क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांना मारण्याचे बेत केले होते. केनेडींच्या खुनाच्या चौकशीत ही माहिती महत्त्वाची होती, पण एजन्सीने ती आयोगाला दिली नाही. देशाला ती समजली १९७५ साली. एजन्सीने ज्यांच्या मुक्या तोंडावर इतकी वर्षं भरवसा ठेवला ते रसेल आयोगात बसलेले होते, तरी अधिकृतपणे आयोगापुढे काही आलं नाही. आपणहून सांगण्यावर सगळं सोपवलं की असं होतं. काय सांगायचं ते सांगणारा ठरवतो.

शेवटची लढाई

१९६६ साली पुन्हा तोच प्रश्न आला. मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी यांचा ठराव होता, आणि परराष्ट्र समितीचे अध्यक्ष विल्यम फुलब्राइट पाठीशी होते. सीआयए परदेशात जे करते त्याचे परिणाम परराष्ट्र धोरणावर होतात, मग आमच्या समितीला का कळू नये, असं त्यांचं म्हणणं. रसेल चिडले. आपल्या समितीच्या हद्दीत कोणी शिरतंय असं त्यांना वाटलं. १४ जुलै १९६६ला सिनेटने प्रेक्षक आणि पत्रकारांना बाहेर काढून, दरवाजे बंद करून चर्चा केली. ६१ विरुद्ध २८ मतांनी ठराव रसेल यांच्याच समितीकडे पाठवायचं ठरलं. म्हणजे तो तिथेच संपला.

पण रसेल हुशार होते. वारं फिरतंय हे त्यांना कळलं. १९६७च्या सुरुवातीला त्यांनी आपणहून फुलब्राइट, मॅन्सफील्ड आणि हिकनलूपर या परराष्ट्र समितीच्या तिघांना सीआयएच्या बैठकांना येऊन बसायचं आमंत्रण दिलं. हक्क म्हणून नाही, पाहुणे म्हणून. त्याच सुमाराला रॅम्पार्ट्स नावाच्या मासिकाने उघड केलं की सीआयए अमेरिकेच्या विद्यार्थी संघटनेला वर्षानुवर्षं गुपचूप पैसे देत होती. आता झाकलेली मूठ बोटाबोटाने उघडायला लागली होती.

रसेल यांना फुप्फुसांचा जुना आजार होता. सिगारेटनं दम पार गेला होता. १९६८ साली जॉर्जियातल्या एका न्यायाधीशाच्या नेमणुकीवरून जॉन्सन यांच्याशी बिनसलं, आणि वीस वर्षांची मैत्री त्यात गेली. १९६९ साली ते खर्चाच्या समितीचे अध्यक्ष आणि सिनेटचे हंगामी अध्यक्ष झाले. २१ जानेवारी १९७१ रोजी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं. विंडरला घराच्या मागच्या कौटुंबिक दफनभूमीत त्यांना आईवडिलांजवळ ठेवलं. १९७२ साली सिनेटच्या जुन्या इमारतीला त्यांचं नाव दिलं.

त्यांच्यानंतर

एका माणसावर उभी असलेली व्यवस्था त्या माणसाबरोबरच जाते. २२ डिसेंबर १९७४ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली की सीआयए अमेरिकेतल्याच नागरिकांवर पाळत ठेवत होती, आणि हे तिच्या कायद्यातच बसत नव्हतं. लोक भडकले. आठवडाभरात कायदा झाला की गुप्त कारवाई करायची तर संसदेच्या समित्यांना कळवलंच पाहिजे. जानेवारी १९७५मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांची चौकशी समिती बसली. तिच्यापुढे एकेक प्रकरण आलं. परदेशी पुढाऱ्यांना मारण्याचे बेत. न्यूयॉर्कमध्ये रशियाला जाणारी-येणारी दोन लाखांवर खाजगी पत्रं वीस वर्षं उघडून वाचली गेली, ते प्रकरण. वीस वर्षांपैकी बहुतेक वर्षं रसेल राखणदार होते.

१९ मे १९७६ला सिनेटने गुप्तवार्तांसाठी कायमची समिती स्थापन केली. तिला स्वतःचे कर्मचारी, स्वतःची दप्तरं आणि विचारायचा हक्क. हाउसने पुढच्या वर्षी तशीच समिती केली. तेव्हा सिनेटमध्ये बहुमताचे नेते होते माइक मॅन्सफील्ड. वीस वर्षांपूर्वी ५९ विरुद्ध २७ने हरलेला त्यांचा मुद्दा निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी मंजूर झालेला पाहिला.

समिती झाली म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. एजन्सीने लपवलं आणि सभासदांनी दुर्लक्ष केलं असे प्रसंग नंतरही आले. पण आता विचारणं हे कोणाच्या मर्जीवर राहिलं नाही, ते नेमून दिलेलं काम झालं. इस्रायलमध्ये क्नेसेतच्या परराष्ट्र व संरक्षण समितीची गुप्तचर सेवांसाठी वेगळी उपसमिती आहे, आणि शिन बेतसाठी २००२ साली कायदा झाला. भारतात रॉ १९६८ साली निघाली, पण तिच्यासाठी संसदेचा कायदा नाही आणि तिच्यावर नजर ठेवणारी संसदेची समितीही नाही. २०११ साली खासदार मनीष तिवारी यांनी तसं खाजगी विधेयक आणलं होतं, ते तसंच राहून गेलं. म्हणजे भारतात हा प्रश्न अजून १९५६ सालातच आहे म्हणा ना.

एक शेवटची गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. जॉर्जियाची जी जागा रसेल यांच्याकडे ३८ वर्षं होती, ती पुढे इतरांबरोबर सॅम नन आणि सॅक्सबी चॅम्ब्लिस यांच्याकडे आली. चॅम्ब्लिस २०११ ते २०१५ त्या गुप्तवार्ता समितीचे उपाध्यक्ष होते. जानेवारी २०२१मध्ये त्याच जागेवर जॉन ऑसॉफ निवडून आले. जॉर्जियाने सिनेटवर पाठवलेले ते पहिले यहुदी. शपथ घेताना त्यांनी हातात धरली ती अटलांटाच्या टेम्पलचे रब्बी जेकब रॉथशील्ड यांची हिब्रू पवित्र ग्रंथाची प्रत. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी हे रब्बी उघड बोलत, आणि १२ ऑक्टोबर १९५८ला त्यांच्या सिनेगॉगवर बॉम्ब टाकण्यात आला होता. २०२३ साली ऑसॉफ सिनेटच्या गुप्तवार्ता समितीत गेले.

रसेल बिल्डिंगचं नाव बदलावं अशी सूचना २०१८ साली सिनेटर जॉन मॅकेन यांच्या निधनानंतर झाली होती. नाव अजून तेच आहे. विंडरला गेलात तर त्यांचं घर रस्त्यावरून दिसतं, आणि मागे झाडांखाली त्यांची कबर आहे. प्रामाणिक माणूस, पक्का शब्द, आणि मुठीत धरलेली गुपितं. त्या मुठीत काय आहे हे विचारायचा हक्क ज्यांना नव्हता, त्यांच्यापैकी लाखो जण त्यांच्याच जॉर्जियात राहत होते.